थांबणारा किरण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

विश्वस्तांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. त्यामागचे कारण प्रांजळपणे सांगतो. आपल्या ट्रस्टचा औषधदान निधी स्थापनेपासून चालत आला आहे. त्या निधीकडे येणाऱ्या अर्जांमध्ये अलीकडे एक नवा शब्द दिसू लागला आहे, तो म्हणजे 'प्रोटॉन'. २०२३ साली नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची प्रोटॉन उपचाराची सोय सुरू झाली. पुण्याहून द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तासांच्या अंतरावर हा उपचार आला, आणि साहजिकच कर्करोगाचे निदान झालेल्या प्रत्येक घरात प्रश्न निर्माण झाला की, आपल्या माणसाला हा मिळावयास नको काय? अर्ज आल्यावर विश्वस्तांपुढे दुसरा प्रश्न उभा राहतो : द्यावे काय, आणि कशासाठी द्यावे?

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले. कोणत्या रुग्णाने कोणता उपचार घ्यावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी सांगणारही नाही. परंतु हा किरण काय करतो, हे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला सांगता येते. आणि ते एकदा नीट समजले की, विश्वस्तांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपोआप मिळते.

आरंभी घरातली एक गोष्ट सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना घशाचा कर्करोग झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना कोबाल्ट यंत्रावर किरणोपचार देण्यात आले. आपल्याकडे बोलीत त्याला 'शेक घेणे' किंवा 'लाईट घेणे' म्हणतात. उपचार यशस्वी झाला, गाठ गेली ती परत आली नाही, आणि बंधू पुढे एकोणीस वर्षे जगले. त्या यंत्राचे आणि ते चालविणाऱ्यांचे ऋण आमचे कुटुंब कधीही विसरणार नाही. परंतु त्या किरणांच्या वाटेत लाळग्रंथी होत्या, त्या कायमच्या सुकल्या. खाखरा, शेव, कोरडी पोळी हे पदार्थ त्यांच्या ताटातून गेले. त्याहून त्यांना लागलेली गोष्ट वेगळीच होती. लहानपणापासून त्यांनी चौविहार कधी मोडला नव्हता. आता रात्री दर तासाला तोंड कोरडे पडून जीभ टाळ्याला चिकटे, आणि घोटभर पाण्यावाचून इलाज नसे. शेवटी महाराजसाहेबांनी समजूत घालून तिविहाराचे पच्चक्खाण दिले. बंधूंनी ते स्वीकारले, पण संध्याकाळी पच्चक्खाण घेताना दरवेळी त्यांचा चेहरा उतरत असे. निरोगी अवयवाला किरण लागणे म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्या चेहऱ्यावर पाहिले.

आता असे का घडते ते पाहू. रुग्णालयात उपचारासाठी वापरले जाणारे क्ष-किरण किंवा कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण हे प्रकाशाचेच अतिशय प्रखर भाऊबंद आहेत. दिव्याचा झोत धुक्यात शिरला की आरंभी तेजस्वी असतो, पुढे मंद होत जातो, पण अमुक जागी संपला असे होत नाही. क्ष-किरणांचे शरीरात असेच होते. त्वचेखाली थोड्या अंतरावर त्यांचा मारा सर्वाधिक असतो, पुढे तो कमी होत जातो, गाठीपर्यंत पोहोचतो, आणि गाठीच्या पलीकडेही जात जात दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. म्हणजे गाठीच्या अलीकडील आणि पलीकडील निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते. यावर उपाय म्हणून डॉक्टर अनेक दिशांनी थोडे थोडे किरण सोडतात, जेणेकरून ते सर्व गाठीत एकत्र येतील. आजच्या लिनॅक यंत्रांवर संगणकाच्या साहाय्याने हे काम फार कौशल्याने होते आणि पुण्यातही ती यंत्रे आहेत. माझ्या बंधूंच्या लाळग्रंथी आज कदाचित बऱ्याच प्रमाणात वाचविता आल्या असत्या. तरीही, अनेक दिशांनी मारा करावयाचा म्हणजे थोडी थोडी झळ शरीराच्या मोठ्या भागाला वाटून देणे आलेच.

प्रोटॉनचा स्वभाव निराळा आहे. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजन अणूचे केंद्रक, वजन असलेला, धन विद्युत्भार असलेला कण. तो शरीरात शिरला की वाटेतल्या अणूंमधील इलेक्ट्रॉनांना ओढीत, हिसके देत पुढे जातो आणि प्रत्येक हिसक्यागणिक आपली थोडी ऊर्जा गमावतो. वेगात असताना तो प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या सान्निध्यात फारच थोडा वेळ असतो, म्हणून थोडी ऊर्जा देतो. वेग मंदावला की सान्निध्य वाढते आणि ऊर्जाही अधिक दिली जाते. त्यामुळे वेग आणखी मंदावतो. असे होत होत अखेरच्या काही मिलिमीटरांत तो आपली उरलीसुरली ऊर्जा एकदम टाकतो आणि थांबतो. त्यापुढे तो नसतोच.

आपल्या परिचयाचे उदाहरण देतो. दीक्षार्थीच्या वर्षीदानाचा वरघोडा लक्ष्मी रस्त्यावरून निघाला आहे अशी कल्पना करा. रथ वेगाने जात असेल तर एखाद्या दुकानापुढे पाच-दहा नाणी पडतील. रथ हळू झाला की तेथे अधिक पडतील. आणि ज्या चौकात रथ कायमचा थांबला, तेथे थैली पूर्ण रिकामी होईल. त्या पुढच्या चौकात एक नाणेही पडणार नाही. प्रोटॉनचे असेच आहे. फरक इतकाच की, तो वाटतो ते दान नसून दाह असतो. म्हणूनच थैली कोणत्या चौकात रिकामी व्हावी, याला एवढे महत्त्व.

कणाच्या वाटचालीच्या अखेरीस येणारी ही ऊर्जेची उसळी विल्यम ब्रॅग या शास्त्रज्ञाने १९०४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांवर प्रयोग करताना पाहिली. तिला आजही 'ब्रॅग शिखर' म्हणतात. कर्करोगासाठी तिचा उपयोग करता येईल हे सुचावयास आणखी चार दशके जावी लागली. १९४६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तसा एक छोटा लेख लिहिला. हाच विल्सन दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या प्रकल्पात काम करीत होता. हिरोशिमानंतर वर्षभराच्या आत, हार्वर्ड विद्यापीठासाठी नव्या सायक्लोट्रॉन यंत्राची आखणी करीत असताना, त्याने हा लेख लिहिला. १९५४ साली कॅलिफोर्नियात बर्कली येथे पहिल्या रुग्णांवर प्रोटॉनचा उपयोग झाला. परंतु दीर्घकाळ हे काम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतच, शास्त्रज्ञांच्या कामातून उरलेल्या वेळात चाले. खास रुग्णालयासाठी उभारलेले मोठे केंद्र १९९० साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे सुरू झाले. भारतात पहिले केंद्र २०१९ च्या जानेवारीत चेन्नई येथे अपोलो समूहाने सुरू केले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण व्याख्यानानंतर हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपल्या शास्त्रात सांगितलेला परमाणु म्हणजेच प्रोटॉन काय? माझे उत्तर, नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचा जो विचार आहे त्यातील परमाणु अविभाज्य आहे. प्रोटॉनच्या आत त्याहून लहान घटक आहेत, हे १९६८ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे झालेल्या प्रयोगांनी दाखविले. तेव्हा प्रोटॉनला परमाणु म्हणणे हे ना विज्ञानाला धरून होईल, ना शास्त्राला. आपल्या आचार्यांनी पुद्गलाचा इतका सूक्ष्म विचार केला याचा अभिमान जरूर बाळगावा. प्रत्येक नवा शोध आपल्या ग्रंथांत आधीच होता असे म्हणण्याचा मोह मात्र टाळावा, असे मला वाटते. प्रोटॉन उपचाराशी नाते जोडावयाचेच असेल तर मी ते परमाणुशी न जोडता यतनेशी जोडीन. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला कमीत कमी इजा व्हावी अशी दक्षता आपले साधू-साध्वी बाळगतात. किरणोपचारात इजा करावीच लागते, त्याशिवाय गाठ मरत नाही. ती किती आणि कोठपर्यंत, याची दक्षता हाच त्या शास्त्राचा सारा इतिहास आहे.

आता खारघरकडे वळू. आपण एका ट्रस्टच्या उत्सवात बसलो आहोत, म्हणून हेही सांगावेसे वाटते की, टाटा रुग्णालयाचा आरंभही एका ट्रस्टच्या निधीतून झाला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांचेही निधन झाले. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने परळ येथे हे रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे कशासाठी, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. डॉ. होमी भाभा यांची दृष्टी किरणोपचाराच्या भवितव्यावर होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते. याच टाटा स्मारक केंद्राचा खारघर येथील संशोधन व उपचार विभाग 'अ‍ॅक्ट्रेक' या नावाने ओळखला जातो. तेथील प्रोटॉन केंद्र ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचारांना प्रारंभ झाला.

यंत्राचे स्वरूप थोडक्यात असे. हायड्रोजन वायूतील अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की प्रोटॉन उरतात. सायक्लोट्रॉन नावाच्या, दोनशे टनांहून अधिक वजनाच्या चुंबकीय यंत्रात त्यांना चक्राकार फिरवून वेग दिला जातो. बाहेर पडताना त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्के असतो. ऊर्जेच्या भाषेत हे २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इतकी ऊर्जा असलेला प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटीमीटर शिरून थांबतो. ऊर्जा ७० दशलक्षांवर आणली तर ४ सेंटीमीटरवरच थांबतो. आपले शरीर बहुतांशी पाणीच असल्याने हेच हिशोब थोड्या फेरफाराने शरीराला लागू होतात. म्हणजे ऊर्जा कमी-अधिक करून थांबण्याची खोली ठरविता येते. खारघरला उपचाराच्या तीन खोल्या आहेत. त्या प्रत्येकीत रुग्णाभोवती फिरणारी, सुमारे शंभर टनांची एक अवाढव्य पोलादी चौकट असते. रुग्णाला मात्र ती दिसत नाही. त्याला दिसते एक स्वच्छ खोली आणि त्याच्याकडे वळलेले एक तोंड. त्यातून पेन्सिलीएवढा बारीक झोत येतो आणि गाठीवर थरामागून थर असे ठिपके देत जातो, जशी रांगोळीची ठिपक्यांची जाळी एकीवर एक रचावी. प्रत्यक्ष झोत एक-दोन मिनिटांचा असतो; रुग्णाला मिलिमीटरच्या अचूकतेने झोपविण्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात.

याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला? लहान मुलांना. मेंदूच्या मागच्या भागात होणारी मेड्युलोब्लास्टोमा नावाची एक गाठ मुलांमध्ये आढळते. शस्त्रक्रियेनंतर तिच्या पेशी पाठीच्या कण्यात उतरलेल्या असू शकतात, म्हणून संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण कणा यांना किरण द्यावे लागतात. क्ष-किरण पाठीतून दिले तर ते कणा ओलांडून हृदय, फुप्फुसे, आतडी यांतून जात पोटाच्या बाजूने बाहेर पडतात. सहा वर्षांच्या मुलापुढे साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य आहे. त्या वयात हृदयाला लागलेली झळ चाळिशीत दिसू शकते, आणि त्या किरणांमुळेच दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोकाही आयुष्यभर मागे राहतो. प्रोटॉन पाठीतून शिरतो आणि मणक्यातच थांबतो. पुढचे हृदय त्याच्या वाटेवर येतच नाही. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या देठाला लागून होणाऱ्या काही गाठी, डोळ्यातील काही गाठी, पूर्वी एकदा किरण देऊन झालेल्या जागी पुन्हा उद्भवलेला रोग, अशा ठिकाणीही डॉक्टर प्रोटॉनचा विचार करतात.

याची दुसरी बाजू सांगणे तितकेच अगत्याचे आहे. जो किरण नेमक्या जागी थांबतो, त्याची जागा चुकली तर चूकही नेमकी होते. सी.टी. स्कॅनवरून खोलीचा हिशोब करताना सुमारे ३ टक्क्यांची अनिश्चितता धरावी लागते. २० सेंटीमीटर खोलीवर ती अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी अधिक होते. उपचाराच्या काळात रुग्णाचे वजन घटले, नाकाच्या पोकळीत सर्दी साठली, श्वासाबरोबर छातीतील गाठ वरखाली झाली, तर थांबण्याची जागा सरकते. म्हणून पुनःपुन्हा स्कॅन काढून आखणी तपासावी लागते. यंत्र श्रेष्ठ असले तरी ते चालविणारे हात तितकेच जाणते हवेत.

शिवाय, प्रत्येक कर्करोगात हा उपचार सरस ठरतोच असे नाही. गेल्या वर्षी आपल्याच समाजातील एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होता, तोही आरंभीच्या अवस्थेतील. कोणाच्या तरी सांगण्यावरून प्रोटॉनसाठी राहते घर गहाण ठेवण्यापर्यंत त्यांची तयारी झाली होती. अमेरिकेत याच रोगाच्या सुमारे साडेचारशे रुग्णांवर प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण यांची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली जाहीर झाले. दोन्ही गटांत रोग सारखाच आटोक्यात राहिला, आणि रुग्णांना होणाऱ्या त्रासातही लक्षणीय फरक आढळला नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की, हे आपल्या डॉक्टरांना विचारा आणि दुसऱ्या एका तज्ज्ञांचेही मत घ्या. त्यांनी तसे केले. पुण्यातच लिनॅकवर उपचार घेतले. घर शाबूत आहे आणि ते स्वतः आज या सभागृहात बसले आहेत.

याउलट, घशाच्या कर्करोगावरील अशाच एका अमेरिकन तुलनेत प्रोटॉनच्या गटातील कमी रुग्णांवर नळीने अन्न घेण्याची पाळी आली. हे वाचताना मला बंधूंची आठवण झाली. मात्र तेथील घशाचे कर्करोग बव्हंशी एका विषाणूमुळे होतात, आपल्याकडील पुष्कळसे तंबाखूमुळे. तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. आणि तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक अप्रिय गोष्ट बोलतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आपण व्यापारी समाज आहोत. आपल्यापैकी कोणाच्या दुकानात, गोदामात त्याची पाकिटे अजूनही येत असतील, तर औषधदानाच्या पावतीने त्याची भरपाई होणार नाही.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एक कुटुंब आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन खारघरला गेले. उपचार आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. लहान मूल स्थिर झोपत नाही, म्हणून रोज भूल द्यावी लागे, आणि भुलीसाठी रोज सकाळी त्याला उपाशी ठेवावे लागे. उपचाराच्या खर्चाची तजवीज सवलत आणि निरनिराळ्या निधींतून झाली. अडचण आली ती राहण्याची. भाड्याची खोली, रिक्षाचे रोजचे भाडे, वडिलांची बिनपगारी रजा, पुण्यात नातेवाइकांकडे ठेवलेली थोरली मुलगी. जमीकंद नको, पाणी उकळलेले हवे, म्हणून आई खोलीतल्या एका शेगडीवर स्वयंपाक करून डबा घेऊन रुग्णालयात बसे. चौथ्या आठवड्यात पैसे संपले तेव्हा दोन दिवसांसाठी पुण्याला परतण्याचा विचार त्यांनी केला होता. किरणोपचारात असा खंड पडणे घातक असते, कारण मधल्या दिवसांत गाठीच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. सुदैवाने एका ओळखीच्या गृहस्थांनी मदत केली आणि खंड पडला नाही. मूल आता शाळेत जाते.

परळला येणाऱ्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचीच नाना पालकर स्मृती समिती यांचे काम आपणांस ठाऊक असेल. रुग्णाच्या हाती औषध देण्याइतकेच त्याला छप्पर देणे हे औषधदान आहे, हे त्यांनी दाखविले. प्रोटॉनचे यंत्र उभारणे कोणत्याही सामाजिक ट्रस्टच्या आवाक्यातले नाही, आणि ते शासनाने केलेही आहे. एकेका रुग्णाचे पूर्ण बिल भरावयाचे म्हटले तर आपला निधी वर्षात दोन-तीन अर्जांत संपेल. परंतु खारघर परिसरात दोन किंवा तीन खोल्या कायमस्वरूपी भाड्याने घेणे, तेथे शुद्ध सात्त्विक भोजनाची व्यवस्था ठेवणे, आणि पुण्याहून जाणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या बालरुग्णाच्या कुटुंबाला सहा-सात आठवडे तेथे निःशुल्क राहू देणे, हे आपल्याला निश्चित जमेल. तद्वतच, उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येक मोठ्या अर्जासोबत दुसऱ्या तज्ज्ञांचे लेखी मत मागवावे आणि त्या भेटीचे शुल्क ट्रस्टने भरावे. घर गहाण ठेवण्यापासून एखादे कुटुंब वाचले, तर ते शुल्क कितीतरी पटींनी वसूल होईल.

या दोन्ही सूचना मी अंदाजे खर्चाच्या तपशिलासह लेखी स्वरूपात अध्यक्षमहाशयांकडे दिल्या आहेत. सुवर्णमहोत्सवी निधीची सभा पुढील महिन्यात आहे. त्या सभेला सभासदांनी आवर्जून उपस्थित राहावे आणि माझ्या हिशोबात काही चूक आढळल्यास ती तेथे दाखवावी.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.